लाल गाडीवर आत्याबाईची फिर्याद

आमच्या स्टाफरूममधे पंखे दोन हायेत, फिरते मात्र एकच. आता आदिलाबादच्या गरमीत सगळे टीचर त्या एका पंख्याखाली खुर्च्या ओढून, गुडघ्याले गुडघे लावून बसले तं काय होईन? किस्सेच होतीन ना! मॅनेजमेंट दरवर्षी म्हणते, दुसरा पंखा दुरुस्त करून देतो. आमीच म्हणतो, राहू द्या, काई घाई नाई!

मी पल्लवी, तिथं कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे करंट असला तं कॉम्प्युटर, नसला तं फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र.

आमचे हेडसर जुन्या वळणाचे. त्यांचे वडील तहसीलमधे होते, त्यामुळं घरात अर्धी भाषा कचेरीचीच. रोज सकाळी ते स्टाफरूमच्या दारात उभे राहून टीचर लोकांचीबी हजेरी घेतात. "येस सर" म्हणलं तं चालत नाई. "हाजिर, सर" म्हणा लागते. एकदा एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी आमची हजेरी घेतली होती. आणि आमी सगळे, हातात बुंदी, "हाजिर, सर"!

आज जे सांगून राह्यली ते सगळं ज्योती मॅडमचं हाय. तिले विचारलं, सांगू का? तं म्हणे, "बिनधास्त सांग. फक्त माझं वजन सांगू नको!"

*

ज्योती मॅडम आमची गणिताची टीचर. एरवी एकदम हसरी. पण महिन्यातले काई दिवस असे यायचे का वर्गात पेन पडला तरी पोरं दचकत. पोट इतकं दुखायचं का खुर्चीतून फळ्यापर्यंत जाणं होत नसे. मंग ती टेबलाची कड धरून म्हणायची, "चला, कागद काढा. सरप्राइज टेस्ट!"

पोरं खाली मान घालून गणितं सोडवत, ही वर मान करून पंख्याकडं पाहत बसे.

आता दहावीच्या पोरी काई बुद्दू नसतात. त्यांनी कॅलेंडर पाहून पाहून ओळखलं. "या हप्त्यात मॅडमची सरप्राइज टेस्ट येईन, वाचून ठेवा रे!" मंग काय, टेस्ट आली का सगळे तयार. गणिताचा रिझल्ट जिल्ह्यात चमकाले लागला! नार्नूरचे एक पालक मीटिंगमधे उभे राहून म्हणे, "दर महिन्याले टेस्ट! अशी शिस्त मी कुठंच नाई पाह्यली." हेडसरनं शाल दिली तिले. शाल घेताना बिचारी उभी कशी राह्यली, तिचं तिलेच माहीत.

कॉलेजपासून तिनं हे कोणालेबी सांगतलं का एकच उत्तर, "सगळ्यांचंच दुखते वो." आमच्या तेलुगूच्या लक्ष्मी टीचर म्हणत, "अय्यो, लग्न झालं का कमी होतंय अम्मा." लग्न झालं. कमी काई झालं नाई. दिवसबी राहत नव्हते. मंग एका डॉक्टर मॅडमनं नीट तपासलं, आणि त्या दुखण्याले नाव भेटलं. एंडोमेट्रिओसिस. नागपूरले दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, दुखणं खूप कमी झालं, आणि टेस्ट बंद!

हेडसरनं बोलावून घेतलं. "ज्योती मॅडम, टेस्टा बंद काऊन? तालीम कमजोर झाली तुमची!"

ती म्हणे, "नाई सर. तब्येत मजबूत झाली."

*

ते नाव काई आमच्या कोणाच्या जिभेवर बसलं नाई. पण त्याचा अर्थ सगळ्यात आधी कोणाले समजला? तिच्या सासूले! आमी सगळे तिले आत्याबाईच म्हणतो. दिसाले एवढीशी, आवाज मात्र भैंसा गावच्या कापूस बाजारात लिलाव बोलावा असा.

डॉक्टर मॅडम तेलुगू हायेत, पण पेशंटकडून मराठी शिकल्या, म्हणून एकदम आमच्यासारखंच बोलतात. त्या कागदावर चित्र काढून समजावून सांगून राह्यल्या, "हे पहा, गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असते ना, तसंच अस्तर हिच्या पिशवीच्या बाहेर वाढून राह्यलं. दर महिन्याले तेबी सुजते. म्हणून इतकं दुखते."

प्रशांत भाऊजी, म्हणजे ज्योतीचा नवरा, भैंसाच्या जिनिंगमधे सुपरवायझर हाय. तो नुसता हो-हो करून राह्यला होता. आत्याबाईनं कागद उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे दोडक्याचा वेल आपला मांडव सोडून शेजाऱ्याच्या छपरावर, कवेलूवर चढला."

डॉक्टर मॅडमनं चित्राच्या बाजूले लगेच वेल काढला. तेव्हापासून त्या सगळ्याच पेशंटले दोडक्याचा वेल सांगतात!

*

ऑपरेशननंतर ज्योतीले दिवस गेले. आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला.

हा किस्सा हसाचा नाई. पण आमी लोक तिले भेटाले गेलो तवा जे झालं, त्याले काय म्हणावं, मले आजबी समजत नाई.

लक्ष्मी टीचर म्हणे, "पपई खाल्ली असंल." आमचे पीटीचे गेडाम सर म्हणे, "शाळेचा जिना लई उभा हाय." शेजारची एक बाई म्हणे, "गॅसची टाकी उचलली असंन." जो येई तो चहा पिई आणि एक-एक कारण ठेवून जाई.

आत्याबाईनं मात्र आधीच फैसला करून ठेवला होता. "गाडी!" ती म्हणे. "ती लाल गाडी. स्टेशन रोडचे खड्डे, आणि हे बाई रोज भुर्र!"

ज्योतीची लाल स्कूटर अंगणाच्या कोपऱ्यात उभी होती. आत्याबाईनं तिच्यावर जुनं लुगडं टाकलं, सीटवर तुरीचं पोतं ठेवलं आणि चाबी कमरेले खोचली. हेडसरनं चष्मा वर करून पाह्यलं. "वा! बाकायदा जप्ती."

सगळे हसले. ज्योतीबी हसली. मले फाटकापर्यंत सोडाले आली, तवा हळूच म्हणे, "पल्लू, सगळे म्हणतात गाडीनं झालं. पण गाडी कोण चालवून राह्यलं होतं?"

 

*

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आगेमागे ज्योतीले परत दिवस गेले. आमच्याकडं रिवाज हाय, तीन महिने होईस्तोर कोणाले सांगाचं नाई. ज्योतीनं सांगतलं नाई. आत्याबाईनंबी नाई सांगतलं. म्हणजे तिच्या हिशोबानं!

डबा द्याच्या निमित्तानं ती शाळेत आली. गेटवर वॉचमनले बाजूले घेतलं, "फक्त तुले सांगून राह्यली, कोणाले बोलू नको. फाटक हळू उघडत जा." मंग लक्ष्मी टीचरले, "फक्त तुले सांगून राह्यली." मंग गेडाम सरले. मंग मले. हेडसरच्या ऑफिसातून ती बाहेर निंघता निंघता म्हणे, मी माह्या कानानं ऐकलं, "फक्त तुमालेच सांगतलं बरं का, सर."

आता मजा पहा. सगळ्यांले माहीत, आणि प्रत्येकाले वाटे आपल्यालेच माहीत! दुसऱ्या दिवशी ज्योती आली, आणि तिची बॅग घ्याले सगळी स्टाफरूम एकदम उठली. गेडाम सरचं डोकं माह्या डोक्यावर, लक्ष्मी टीचरचा चहा हेडसरच्या शर्टवर, आणि बॅग खाली!

ज्योती दारातच उभी. "काय झालं?"

"काई नाई!" आमी सगळे एका सुरात.

ती सगळ्यांच्या तोंडाकडं पाहून म्हणे, "आत्याबाई येऊन गेल्या वाट्टे."

*

मंग काळजीची जी शर्यत लागली, विचारू नका!

हेडसरनं दहावीचा वर्ग वरून खाली आणला. जिन्याचं नाव तं घेता येत नाई, म्हणून ऑर्डर काढली का वर माकडांचा त्रास हाय. झालं! खालच्या वर्गात पोरांचे डबे खिडकीजवळ, तं माकडं खरंच आले. पण खाली! हेडसरले वाटलं माकडांनी ऑर्डर वाचली.

गेडाम सरनं काय केलं? कोणीतरी त्याले सांगतलं का मोठ्या आवाजानं पोटातलं बाळ दचकते. त्यानं शाळेच्या पितळी घंटीले टॉवेल गुंडाळला. दुपारच्या सुटीनंतर घंटी वाजली, ठप-ठप, कोणाले ऐकूच गेली नाई. पोरं ग्राउंडवर खेळून राह्यले, टीचर लोक पंख्याखाली गप्पा मारून राह्यले. हेडसर धावत आले, "घंटी काऊन नाई वाजली?"

गेडाम सर टॉवेल दाखवून म्हणे, "वाजली सर. पण अदबीनं!"

लक्ष्मी टीचर रोज घरून काईतरी आणून खाऊ घालत. ज्योतीले उलट्यांनी काई जात नसे. ती म्हणे, "टीचर, नको ना." तं लक्ष्मी टीचर म्हणत, "तू नको खाऊ अम्मा, बाळाला दे."

डॉक्टर मॅडमनं तिले साफ सांगतलं होतं, रोजचं काम करा, चाला, फिरा, शाळेत जा, पलंगावर पडून राहाची गरज नाई. पण आमाले कोण समजावीन? ज्योतीनं खडू उचलला तरी आमाले धाप लागे.

*

आता कोर्टाचा किस्सा.

एकदा भाऊजीले भैंसावरून सुटी भेटली नाई, म्हणून तपासणीले मी गेली, ज्योती आणि आत्याबाईसंग. आत्याबाई ऑटोतूनच तयारीनं. तिले डॉक्टरच्या तोंडून गाडीले गुन्हेगार ठरवून घ्याचं होतं!

तपासणी झाली, सगळं ठीक. आत्याबाई खुर्ची पुढं सरकवून म्हणे, "डॉक्टरीणबाई, एक सांगा. मागच्या टाइमले ते गाडीनंच झालं ना?"

"नाई आजी. गाडीनं नाई होत."

"खड्डे होते."

"खड्ड्यानंबी नाई."

"पपई?"

"नाई."

"टाकी? जिना?"

"नाई आजी. कितीतरी वेळा गर्भच सुरुवातीपासून नीट जुळलेला नसते, तो राहत नाई. आणि हिले तो आजार हाय ना, दोडक्याचा वेल? तो असला का गर्भ पडाचा धोका थोडा जास्त दिसते. थोडा. म्हणजे पडीनच असं नाई. या आजाराच्या बहुतेक बायांचं बाळंतपण नीट होते. आमी लक्ष ठेवतो, बस."

"मंग चूक कोणाची?"

"कोणाचीच नाई."

आत्याबाईनं माह्याकडं पाह्यलं, जशी का मी डॉक्टरले फितूर केलं! ज्योती खाली मान घालून पदराची कड गुंडाळून राह्यली होती.

ऑटोत आत्याबाई रस्त्याचे खड्डे मोजून राह्यली होती. कलेक्टर ऑफिस गेलं, बस स्टँड गेलं. घराच्या वळणावर ती म्हणे, "माही इतकी जिंदगी गेली. ज्यात कोणाचीच चूक नाई, असं एकबी प्रकरण मी नाई पाह्यलं."

मी म्हणलं, "पण आत्याबाई, डॉक्टर मॅडम म्हणल्या ना."

"डॉक्टरीण चांगली हाय वो," ती म्हणे. "पण ते गाडीची वकील हाय!"

पोतं काई हाललं नाई.

*

आणि मंग तो दिवस. थंडी पडली होती. आदिलाबादची थंडी म्हणजे पोरं स्वेटरवर स्वेटर घालून येतात, आणि गेडाम सर तोंडातून वाफ काढून दाखवतात.

दुसऱ्या पिरियडनंतर ज्योती बाथरूममधून आली आणि माह्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभी राह्यली. ओठ पांढरे. "पल्लू, चल. रक्त दिसलं."

मी तिले ऑटोत कशी बसवली, आठवत नाई. आत्याबाईले फोन केला, तं आमच्या आधी ती दवाखान्यात! पायात एक चप्पल तिची, एक भाऊजीची.

ज्योतीले आत घेतलं. आमी बाहेर बाकड्यावर. थोड्या वेळानं पाहतो तं हेडसर, लक्ष्मी टीचर, गेडाम सर, सगळे हजर!

मी म्हणलं, "सर, शाळा कोण पाहून राह्यलं?"

हेडसर म्हणे, "गेडाम सरले ठेवून आलो ना."

"गेडाम सर तं हे उभे!"

हेडसरनं मागं वळून पाह्यलं. गेडाम सर म्हणे, "मी लक्ष्मी टीचरले सांगून आलो." लक्ष्मी टीचर म्हणे, "अय्यो, मी वॉचमनला."  एरवी कारणांचं दुकान लावणारे आमी लोक, पण त्या दिवशी कोणाजवळ एकबी कारण नव्हतं.

आत्याबाई भिंतीकडं पाहून स्वतःशीच पुटपुटून राह्यली होती. "पपई नाई. टाकी मीच उचलते. जिना नाई." मंग एकदम थांबली. माह्या हाताले धरून म्हणे, "पल्लवी... गाडी तं पोत्याखाली होती वो. गाडी तं घरीच होती."

मी तिचा हात दोन्ही हातात घट्ट धरला. 

दार उघडलं. डॉक्टर मॅडमच्या मागं ज्योती आली. डोळ्यातून पाणी, आणि ओठ हालून राह्यले, पण शब्द निंघेना. आमी सगळे उभे. विचाराची कोणाची हिंमत नाई.

हेडसरनं घसा साफ केला. रोज सकाळी स्टाफरूमच्या दारात उभे राहतात तसे ताठ झाले, आणि म्हणे, "ज्योती मॅडम. बाळ?"

ती रडता रडता म्हणे, "हाजिर, सर."

लक्ष्मी टीचरनं मले मिठी मारली, गेडाम सरनं भिंतीले! डॉक्टर मॅडम म्हणल्या, "धडधड एकदम मस्त हाय. कधी कधी असं दिसते, लक्ष ठेवू. आणि तुमी एवढे सगळे कोण?"

हेडसर म्हणे, "स्टाफ."

शाळेत परत आलो तं वॉचमननं सगळ्या पोरांले ग्राउंडवर बसवून प्रतिज्ञा म्हणाले लावली होती. त्याले तेवढंच येत होतं. पोरं तेच-ते म्हणून इतके थकले होते का भारत माझा देश आहे हे सांगाले कोणाजवळ आवाज नव्हता!

*

ज्योतीले पोरगी झाली. उन्हाळ्यात, ऐन लाहीलाहीत. टपोरी, आणि आवाज डायरेक्ट आत्याबाईचा!

मॅटर्निटी लीव्ह संपली, ज्योतीचा शाळेचा पहिला दिवस. मी सकाळी तिले घ्याले गेली माह्या गाडीवर. म्हणलं, पोतं तं काई हाललं नसंन, मलेच न्या लागीन.

अंगणात पाहते तं काय! तुरीचं पोतं ओट्यावर. लुगडं वाळत घातलेलं. आणि लाल गाडी धुऊन-पुसून दाराशी उभी, अशी चमकून राह्यली होती का शोरूममधून आत्ता आली. ज्योती तिच्याजवळ उभी, हातात चाबी, आणि चेहरा असा जसा दहावीच्या पोरीले पेपर सोपा गेल्यावर असते.

मी डोळ्यानंच विचारलं, हे कसं? तिनं खांदे उडवले.

आत्याबाई बाळाले कडेवर घेऊन बाहेर आली. बाळाच्या गालावर ही मोठी काजळाची तीट. तेवढ्यात शेजारची बाई, तीच टाकीवाली, भिंतीवरून डोकावली. "काऊन वो आत्याबाई, त्याच गाडीवर पाठवून राह्यली का सुनेले? तूच तं म्हणे ना का गाडीनं..."

आत्याबाईनं तिच्याकडं पाह्यलं. मंग बाळाच्या गालावरची तीट बोटानं जराशी पुसली, दोन पावलं पुढं आली आणि गाडीच्या हेडलाइटवर काळा ठिपका लावला.

"बाजूले हो वो," ती म्हणे. "नजर लावशीन माह्या गाडीले!"